दहा गुंठ्यांतली खार

२८ ऑक्टोबर

सोसायटीने दिलेली डायरी दहा महिने कोरी पडून होती. परवा गुडघ्याच्या डॉक्टरने शेतात जायचं बंद केलं, म्हणून आता तिच्या नशिबी मी आलो. जन्मभर उसाला दारं धरली. अनवाणी चिखलात उभं राहून पाटाचं पाणी एका सरीतून दुसरीत वळवायचं, ह्या कामात अख्ख्या पळसदेवात माझा हात धरणारा कोणी नव्हता. आता ओट्यावर बसून बायकोने, कौसल्येने, निवडलेल्या मेथीत काड्या शोधतो आणि तिची बोलणी खातो.

आज सूनबाईने, म्हणजे संस्कृतीने, घरामागचा दहा गुंठ्यांचा तुकडा मागितला. त्यात तुळस, गवती चहा आणि रोझमेरी नावाचं एक परदेशी झुडूप लावणार, तेही ठिबकवर. बारामतीत एक जण औषधी चहाची पाकिटं भरतो. माल वाळवून त्याला द्यायचा.

मी म्हणालो, "गवत विकून संसार हुतो व्हय गं?"

"शिवरात्रीपर्यंत द्या, तात्या. पहिली कापणी त्यानं घेतली न्हाय, तर तुमी खुशाल ऊस लावा. मी एक शब्द बोलणार न्हाय."

दिला. तोंड वाकडं करूनच दिला, नाहीतर पोरीला वाटायचं सासरा मऊ आहे. खरी गोष्ट इथे लिहितो. पोरगा रविराज रोज मोटरसायकलने बारामतीला नोकरीला जातो, आणि तिकडेच भाड्याचं घर घेऊ असं दिवाळीपासून घोकतोय. संस्कृतीला इथे तिचं स्वतःचं काही काम असलं तर ती थांबेल. नसलं तर दोघं जातील आणि नातीला, छकुलीलाही, घेऊन जातील. मग ह्या घरात मी, कौसल्या आणि टीव्ही. तेव्हा त्या दहा गुंठ्यांत काय उगवायचं ते उगवो, पण जगलं पाहिजे.

२ नोव्हेंबर

तुळशीचं लग्न. मांडवाला पाच ऊस आणून ठेवले आणि संस्कृतीला म्हणालो, "बघ, तुळशीचं लगीनसुदिक उसाबिगर हुईना. तुज्या गवती चहाचा मांडव घातला तर नवरदेव मांडवातनं पळून जाईल." कौसल्या पोट धरून हसली. संस्कृती नुसती "हं" म्हणाली.

तिचं लक्षच नव्हतं. छकुलीच्या चित्रकलेचा मोठा कागद जमिनीवर पसरून, कोपऱ्यांवर डाळीचे डबे ठेवून ती ठिबकचा नकाशा काढत होती. टाकी कुठे, मोठी नळी कुठून, तिच्यापासून फुटणाऱ्या बारीक नळ्या किती, कोणत्या झाडाला किती पाणी. मला समजावून सांगत होती. गवती चहाला भरपूर, तुळशीला बेताचं आणि रोझमेरीला अगदी थोडं.

"ह्या झाडाला तहान चालती, तात्या. चिखल चालत न्हाय."

तहान चालणारं झाड ह्या डोळ्यांनी अजून बघायचं आहे. पण ती एकेक ओळ आखत होती, चुकली की पुसून पुन्हा आखत होती, ते बघून फार बरं वाटलं. रविराजला शाळेत असताना अभ्यासाला असं बसलेलं मी कधी पाहिलं नाही. देवाने सून मात्र पारखून दिली.

उठताना म्हणालो, "कागद झ्याक हाय. भेळ बांधायला कामाला यील." तिने पुढची ओळ आखली. कामात होती.

९ नोव्हेंबर

सिकंदर सामान घेऊन आला. इंदापूरला त्याचं ठिबकचं दुकान आहे. माझा जुना दोस्त, आणि इतकी वर्षं मला ठिबक विकता न आलेला माणूस. आल्या आल्या म्हणाला, "काय तात्या, शेवटी सुनेनं घ्यायला लावलं का न्हाय? आता इस्त्रीचं धोतर नेसून शेतात फिरा. चिखल औषधाला मिळायचा न्हाय."

"चिखल न्हाय तर शेती कसली?" मी म्हणालो.

"आता तुमचा जल्म चिखलात गेला, त्याला मी काय करू?"

दिवसभर पाईप जोडत होते. एकच गोष्ट खटकली. पाणी सोडायचा मुख्य व्हॉल्व टाकीपाशी बसवायचा, हे शेंबडं पोरही सांगेल. संस्कृतीने तो पाईप वाढवून पार माझ्या ओट्याला लावून घेतला, तोही कमरेइतक्या उंचीवर. "बसल्या बसल्या हात पोचला पायजे, सिकंदरचाचा," असं दोनदा सांगत होती. कोणाचा हात ते देव जाणे. ती स्वतः दिवसभर टाकीपाशीच असते. सिकंदर माझ्याकडे बघून हसला. उगाच पाईप वाया घालवला, पण मी बोललो नाही. नवीन माणसाच्या हातून एवढं-तेवढं व्हायचंच.

१६ नोव्हेंबर

रोपं लागली. वाफ्यांवर उसाचं पाचट अंथरलं, ओल टिकावी म्हणून. रोझमेरीच्या ओळी ओट्याच्या अगदी जवळ आल्या. हात लावला की बोटांना वास राहतो. कौसल्या म्हणते कापरासारखा, मला निलगिरीसारखा वाटतो.

मग पाणी सोडायचा सोहळा. सगळे उभे. मी वाट बघतोय पाणी कधी येतंय, आणि ही म्हणते, "आलं की, तात्या!" वाकून बघितलं तर थेंब. एक थेंब पडला, त्याने जरा दम खाल्ला, मग दुसरा. थोड्या वेळाने व्हॉल्व बंद. दोन रोपांमधली माती कोरडी ठणठणीत. पलीकडे उजनी धरणाचं पाणी डोळ्यांत मावत नाही, आणि माझ्या घरामागे झाडं थेंबाची वाट बघत बसली आहेत. जेवण गेलं नाही.

४ डिसेंबर

आज एक काम केलं. कोणाला सांगितलेलं नाही.

ओट्याजवळची रोझमेरी गेले चार दिवस मलूल वाटते. पानं फिकी झाली आहेत. संस्कृती म्हणते नवीन जागा आहे, रुळायला वेळ लागतो. मला रोपाचं तोंड बघून कळतं, ते तहानलेलं आहे. पोरीचं मन मोडायला नको म्हणून मी वाद घातला नाही. ती आज माहेरी, कन्हेरीला गेली होती. पोती शिवायचं दाभण घेतलं, बसायचा पाट घेतला आणि पाटावर बसून सरकत सरकत पहिल्या ओळीत गेलो. प्रत्येक रोपापाशी पाचट बाजूला केलं, नळीच्या खालच्या अंगाला एक टोचा मारला, पाचट परत वर. कोणाला दिसणार नाही.

मग व्हॉल्व सोडला. पाचटाखाली पाणी सुरसुरलं, तो आवाज ऐकून जिवाला थंड वाटलं. गुडघे भयंकर दुखतायत. कौसल्येला सांगितलं, हवा बदलली.

११ डिसेंबर

पहिल्या ओळी हिरव्या दिसायला लागल्या आहेत, निदान मला तरी. टोकाकडच्या ओळी मात्र सुकायला लागल्या. म्हणजे तिथेही पाणी कमीच. मी म्हणत होतो ना! तिकडे मला सरकत जाणं जमायचं नाही, म्हणून ओट्याजवळच्या आणखी चार ओळींत टोचे मारून घेतले.

संस्कृती दिवसभर हैराण होती. घरातल्या सगळ्या वाट्या नेऊन नळ्यांखाली ठेवल्या आणि कुठे किती पाणी पडतं ते बघत होती. टोकाकडच्या वाट्या कोरड्याच. दुपारी आम्हाला आमटी पेल्यात घ्यावी लागली. नकाशा काढून पुन्हा पुन्हा बघत होती. "माझंच कुठंतरी चुकलंय," म्हणाली.

मी म्हणालो, "कागदाला कुठं तहान लागती?" जरा हसवावं म्हणून. पण दमली असावी. आत निघून गेली.

२२ डिसेंबर

सिकंदरला बोलावलं होतं. त्याने टाकी बघितली, फिल्टर धुतला, नकाशा बघितला. "पोरी, तुजं गणित बरूबर हाय. मग पाणी जातंय कुठं?" असं म्हणत त्याने ओट्याजवळचं पाचट उचललं. भोकं दिसली. मी आभाळाकडे बघत बसलो.

तो बराच वेळ उकिडवा बसून भोकं बघत होता. मग म्हणाला, "खार हाय. खारी नळ्या कुरतडत्यात."

संस्कृतीचा चेहरा केवढा उजळला! तिचा नकाशा चुकला नव्हता. मलाही हायसं वाटलं. सिकंदर इतकी वर्षं धंद्यात आहे, पण खार कोणती आणि दाभण कोणतं हे त्याला कळलं नाही. जाताना भोकं बुजवायच्या बारीक बुचांची पुडी मात्र त्याने माझ्याच हातात दिली. "तात्या, तुमी हितंच बसलेले असता. ती खार तुमच्या ओळखीची आसंल. सांगा तिला, लई माया बरी न्हाय." आणि गाडीला किक मारून गेला. थट्टेखोर आहे.

बुचं बसवायचं काम संस्कृतीने माझ्याकडेच सोपवलं. "तात्या बघतायत म्हटल्यावर मला काळजी न्हाय," असं कौसल्येला सांगताना मी ऐकलं. अंगावर मूठभर मांस चढलं. उरलेल्या भोकांना इमानाने बुचं लावली. फक्त रोझमेरीच्या अगदी जवळच्या तीन ओळी सोडल्या. त्या आधीच माना टाकून बसल्या आहेत, त्यांचं पाणी तोडायला हात होईना.

१४ जानेवारी

संक्रांत. संस्कृती वाकून नमस्कार करायला आली. तिळगूळ देताना म्हणालो, "आमी गोडच बोलतोय. तुजी रोझमेरीच कडू तोंड करून बसली हाय, तिला दे." रविराजसुद्धा हसला. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि ती तिळाच्या लाडवासकट आत गेली.

कौसल्या माझ्यावर खेकसली. चेष्टा होती, चेष्टेने म्हणालो. ह्या घरात मी कोणाची चेष्टा करतो? ज्याच्यावर जीव आहे त्याचीच. रविराजची मी कधी करतो का?

२३ जानेवारी

आज लिहायला बसवत नाही, पण बसतो.

सकाळी संस्कृतीने पहिल्या ओळीतलं एक रोझमेरीचं झाड धरलं आणि नुसतं हलवलं, तर ते मुळासकट हातात आलं. मुळं काळी, बुळबुळीत. वास ओट्यापर्यंत आला. तो वास मी ओळखतो. जास्त पावसात सरीत पाणी तुंबलं की उसाच्या मुळ्या कुजतात, तेव्हा असाच येतो. दुसरं झाड धरलं, तिसरं धरलं. तिन्ही ओळी गेल्या.

ती झाडं तहानेने माना टाकत नव्हती. बुडत होती. आणि मी वरून पाणी घालत होतो.

ती वाफ्यातच बसून राहिली. रविराज कामावर निघाला होता, तो तिच्याजवळ गेला. त्यांना वाटलं मला ऐकू येत नाही.

"बारामतीचं घर बघून या," ती म्हणाली. "मला हे जमत न्हाय."

"एवढ्यावरनं?"

"झाडांचं न्हाय ओ. मेली तर दुसरी लावता येत्यात. पण तात्यांना मी त्या तुकड्यात नकोय. तीन महिन्यांत एकदा तरी बरं म्हणाले का? रोज टोमणा. मी कुणासाठी राबतीय हितं?"

रोज मनात बरं म्हणतो मी. जेवताना म्हणतो, ओट्यावर बसून म्हणतो. एकदाही ओठांतून बाहेर आलं नाही, हे मला आज कळलं. आणि तिला वाचवायला म्हणून जे जे केलं, त्यानेच तिला जायला सांगितलं.

२४ जानेवारी

रविराज गेल्यावर तिला ओट्यावर बोलावलं. 

"संस्कृती, ती खार मी हाय."

तिला समजलंच नाही. मी दाभण पुढे ठेवलं. तिने दाभणाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तुमी भोकं पाडली?"

"व्हय."

"आणि बुचं?"

"रोझमेरीची सोडून लावली. सुकत्यात असं वाटलं."

"मी सांगितलं हुतं की. चिखल चालत न्हाय म्हणून."

"सांगितलं हुतंस. मला वाटलं, कागदावरचं बोलतीस."

तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "तात्या, घरात बसून तुमचा जीव जातोय, ते दिसत हुतं मला. म्हणून व्हॉल्व ओट्याला घेतला. तुमच्या हाताशी. पाणी तुमच्याशिवाय कुणी सोडायचं न्हाय, असं ठरवलं हुतं मी. आणि तुमी मलाच चोरून पाणी घातलंत?"

 ती उठून गेली.

२६ जानेवारी

बोलणं बंद. चहा येतो, पण कौसल्येच्या हातून, आणि तीही कप आपटूनच ठेवते. ती म्हणाली, "उसात जल्म गेला तुमचा, पण जिभेवर साखरेचा कण न्हाय." काल रविराज बारामतीला घर बघून आला.

२७ जानेवारी

सकाळी पाट घेतला, बुचांची पुडी घेतली आणि उतरलो. मेलेल्या तीन ओळींच्या नळ्यांना अजून भोकं होतीच. तिथे पुढेमागे काहीही लावलं तरी पाणी मापातच पडलं पाहिजे. एक भोक चाचपायचं, बुच दाबायचं, पुढे सरकायचं. उन्हाला चटका होता. कौसल्या दोनदा ओरडली, मी ऐकलं नाही.

अर्ध्या ओळीत मान वर केली, तर पलीकडच्या टोकाला संस्कृती बसलेली. तीही भोकं शोधत होती. दोघं एकमेकांकडे न बघता सरकत आलो आणि मध्ये समोरासमोर आलो. पुढे जायला जागाच नव्हती.

"तू शेती चांगली करतीस," मी म्हणालो.

तिचे हात थांबले. "काय म्हणालात?"

"ऐकू आलं न्हाय व्हय?"

"आलं. परत म्हणा."

"तू लई चांगली शेती करतीस. माज्यापरास चांगली. मी येडा म्हातारा, मला थेंबाची शेती कळली न्हाय. तुला जायाचं आसंल तर जा, मी आडवा येणार न्हाय. पण तू जाऊ नयेस असं मला वाटतंय. पयल्या दिवसापासनं वाटतंय."

ती रडली. मीही रडलो. हे कोणाला सांगण्यासारखं नाही. ती नाक पुसून म्हणाली, "घर बघून आलेत. दोन खोल्या हायत, आणि पाणी दिवसाआड."

"पाण्याचं माज्याम्होरं बोलू नगंस," मी म्हणालो, आणि ती हसली. जाणार की राहणार, ते मात्र बोलली नाही. विचारायचा मला हक्क नव्हता.

२८ जानेवारी

चहा संस्कृतीने आणला. आलं घातलं होतं.

१२ फेब्रुवारी

शिवरात्र तीन दिवसांवर आली. वाळवलेला माल घेऊन संस्कृती आणि रविराज सकाळी बारामतीला गेले. मी ओट्यावरून उठलो नाही. कौसल्या दोनदा विचारून गेली, जेवायचं का. नको म्हणालो.

उन्हं कलली तेव्हा दोघं आले. तुळस चहावाल्याला पसंत पडली, गवती चहा तर फारच. रोझमेरी टोकाच्या ओळींची वाचली तेवढीच, एक पिशवी. पण घेतली. आणखी लागेल म्हणाला.

रविराज म्हणाला, "तात्या, घेतलं खरं, पण माल निम्माच निघाला. तुमचं ठरलं हुतं त्याचं काय? ऊस का हे?" जमिनीचा मालक मी, म्हणून तो मला विचारत होता. बारामतीच्या घरवाल्याला उद्यापर्यंत कळवायचं होतं, हेही म्हणाला.

मी संस्कृतीकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या हातात पुन्हा छकुलीच्या वहीतला एक कागद.

"तात्या, मला आणखी एक तुकडा पायजे. विहिरीपलीकडचा."

विहिरीपलीकडचा वीस गुंठ्यांचा तुकडा माझ्या वडिलांनी कातळ फोडून केलेला. माझा सगळ्यात चांगला ऊस तिथे येतो. मागच्याच आठवड्यात खोडवा, म्हणजे जुन्या खोडांना फुटलेला ऊस, तुटून गेला. नांगरट झाली, नवीन लागणीला उसाचं बेणंसुद्धा सांगून ठेवलंय. तिला हे सगळं माहीत आहे. रविराजने तिचा हात दाबला, असलं काही मागू नको म्हणून.

"घे," मी म्हणालो.

"सगळा?"

"सगळा. तुजा हाय."

 मग संस्कृती रविराजकडे वळली. "फोन करा त्या घरवाल्याला. न्हाय म्हणून सांगा."

तो अंगणात गेला आणि मोठ्याने सांगायला लागला, "व्हय, व्हय, नको, रद्द करा." छकुली त्याच्या पायांत घुटमळत होती. कौसल्या माझ्याजवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "ऊस दिलात, आणि एक टोमणासुदिक न्हाय?"

"शोधतोय मगाधरनं," मी म्हणालो, "गावंना."

विहिरीपलीकडे आता ऊस दिसणार नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. बेणंवाल्याला उद्या नको म्हणून सांगितलं पाहिजे. पण सकाळपासून उपाशी होतो, तर रात्री तीन भाकरी खाल्ल्या. तिसरी संस्कृतीने वाढली आणि मी नको म्हणालो नाही.